‘हमी’ ह्या शब्दाचा अर्थ : रोजगार हमी योजनेसंबंधी एक टिपण

दारिद्र्यनिवारणाच्या शासकीय योजनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात गरजू कोण हे शासन ठरविते व त्यास साहाय्य देते. दुसऱ्या वर्गात गरजू मनुष्य स्वतः मागणी करतो व ती पुरविणे शासनावर बंधनकारक असते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना दुसऱ्या वर्गात मोडते आणि हा भेद तिच्या नावातच सूचित झाला आहे.

‘हमी’ हा शब्द आपल्याकडे मुख्यतः देवघेवीच्या व्यवहारातला. कर्ज काढणाऱ्या गरिबाला हमीदार शोधावा लागे. म्हणजे त्याच्याविषयी सावकाराला शब्द देणारा कोणी तिसरा मनुष्य हवा असे. योजनेच्या नावात ह्या संबंधाची दिशा उलटली आहे. येथे शब्द देणारे शासन असून तो घेणारा मजूर आहे.

ह्या योजनेची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांची. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली तिचा प्रयोग झाला आणि १९७२ साली ती राज्यभर लागू झाली. तत्पूर्वीची दुष्काळी कामे टंचाई जाहीर झाल्यावर निघत व ती सरताच बंद होत; म्हणजे त्यांचा आरंभ आणि अंत शासनाच्या घोषणेवर अवलंबून असे. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला व कामाचा आरंभ मजुराच्या मागणीवर अवलंबून ठरला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय झाला. खर्चासाठी मुख्यतः शहरांतील पगारदार व व्यावसायिक ह्यांच्याकडून व्यवसाय कर घेण्यात येऊ लागला व तितकीच रक्कम शासनाने घालावी असे ठरले.

लाभार्थी निवडण्याची कटकट येथे उरत नाही. उन्हात माती खणण्याचे काम, तेही अल्प मजुरीवर, ज्याला गत्यंतर नाही तोच पत्करतो. म्हणून ही निवड आपोआप होते. मात्र ह्या युक्तिवादाला एक अट आहे : जो मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे. १९८८ साली किमान वेतन दुपटीने वाढले आणि योजनेचीही मजुरी त्यानुसार वाढली. परंतु त्यानंतर कामावरील उपस्थिती बरीच घटली. मजुरी वाढली असता मागणी घटावी हे तर्काला धरून नाही. रॅव्हॅलियन, दत्त व चौधुरी ह्यांनी १९९३ साली ह्या घटनेची चिकित्सा केली व वेतनवाढीनंतर कामाचे नियंत्रित वाटप होऊ लागले असा निष्कर्ष काढला. म्हणजे शब्द कायद्यात राहिला. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ संकोचला.

२००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यात प्रत्येक कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या मूळ अधिनियमात अशी दिवसांची मर्यादा नव्हती. तेव्हा अशा कोणत्याही योजनेचे परीक्षण करताना किती दिवस काम दिले गेले एवढेच मोजून भागत नाही. मागणी नोंदविली जाते काय, तिची पोच मिळते काय आणि काम नाकारले गेल्यास भत्ता खरोखर हाती पडतो काय, हे पाहावे लागते. हमीदाराची परीक्षा शब्द पाळण्याची वेळ येते तेव्हाच होते; हमी देणाऱ्या शासनालाही हाच निकष लावणे योग्य होय.