भोकं पडलेलं पुस्तक आणि कढीपत्त्यावरची अळी

मुलांसाठी विज्ञानाचं पहिलं पुस्तक विचाराल तर मी एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (1969) सुचवेन. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर... अळी खात सुटते आणि तिने खाल्लेल्या प्रत्येक फळाला खरोखरचं भोक! मुलं आधी त्यात बोट घालतात, गोष्ट नंतर. वार, आकडे, अळीचं फुलपाखरू, सगळं न शिकवता डोक्यात जातं.

शनिवारी ती केक, आइस्क्रीम, सलामी असलं काहीबाही हाणते आणि पोट दुखून घेते. खऱ्या अळ्या बहुतेक वेळा खाण्याच्या बाबतीत भलत्याच चोखंदळ! ठरलेल्या झाडाचीच पानं लागतात. आणखी एक गंमत: पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर विणते. पण रेशमी कोष विणणं हे मुख्यतः पतंगांचं काम. फुलपाखराची अळी कात टाकते आणि खालून कोष उघडा पडतो. कार्लला हे माफ, चित्रं इतकी झकास आहेत!

वाचून झालं की मुलांना कढीपत्त्यापाशी न्या. पावसाळ्यात त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या हमखास सापडतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणून पक्षी फिरकत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं, वर उग्र वास! मुलं किंचाळतात आणि म्हणतात, "परत कर ना!" (एकदाच करा, बिचारीला जेवू द्या.)

आणि हो, फोडणीसाठी पानं तोडताना आधी उलटून बघा.