दुचाकीची दुरुस्ती आणि ग्राहकाची दक्षता

दुचाकी वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाडीवरच्या शाळेत वेळेवर पोहोचणारे शिक्षक, चार गावांचे दप्तर सांभाळणारे महसूल कर्मचारी, पंचायत समितीच्या सभेस जाणारे सदस्य आणि पहाटे डेअरीवर दूध घालणारा शेतकरी या सर्वांचे दैनंदिन काम दुचाकीवर अवलंबून असते. त्यामुळे गाडी बिघडली की केवळ वाहन थांबत नाही, तर कामही थांबते. अशा अडचणीच्या वेळी आपण गाडी ज्याच्या हाती सोपवितो तो कारागीर प्रामाणिक असणे फार महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडील बहुसंख्य मिस्त्री कष्टाळू व विश्वासू आहेत. पाना हातात घेऊन वर्षानुवर्षे मिळविलेल्या अनुभवावर ते गावोगावची वाहने चालती ठेवतात. तथापि या व्यवसायात काही अप्रामाणिक मंडळीही आढळतात. न बदललेल्या भागाची किंमत लावणे, चांगला भाग काढून घेऊन जुना बसविणे, नकली सुटे भाग अस्सल म्हणून विकणे, किरकोळ दोषासाठी संपूर्ण इंजिन उघडणे आणि सांगितलेल्या रकमेपेक्षा भलतीच रक्कम मागणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार होत. यात नुकसान केवळ पैशांचे नसते. ब्रेकचे नवे लायनर बसविल्याचे सांगून जुनेच ठेवले, तर घाटाच्या उतारावर त्याची किंमत जिवाने मोजावी लागण्याचा संभव असतो.

फसवणुकीचे मूळ

या सर्व प्रकारांचे मूळ एकच आहे. व्यवहार तोंडी असतो. “गाडी बघून ठेवा, संध्याकाळी नेतो,” एवढ्या शब्दांवर आपण वाहन सोडून जातो. कोणते काम सांगितले, किती खर्च ठरला, कोणते भाग बदलावयाचे होते याची कोठेही नोंद नसते. पुढे वाद झाला की एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो. सेवेत त्रुटी होती हे दाखविण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे तक्रार करणाऱ्यावर असते. म्हणून कागद नसलेला ग्राहक सत्य सांगत असूनही दुबळा ठरतो.

गाडी देण्यापूर्वी

यावर उपाय साधा आहे. मोठ्या सेवा केंद्रांत ‘जॉब कार्ड’ भरून देतात. लहान गॅरेजमध्ये तशी पद्धत नसेल, तर वहीच्या पानावरही ते काम होऊ शकते. त्यावर तारीख, वाहन क्रमांक, मीटरवरील किलोमीटर, टाकीतील पेट्रोलचा अंदाज, सांगितलेला दोष, करावयाचे काम व अंदाजे खर्च लिहावा. “यापेक्षा अधिक खर्च येणार असल्यास आधी विचारावे” आणि “काढलेले जुने भाग परत द्यावेत” ही दोन वाक्ये त्यात अवश्य असावीत. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि भ्रमणध्वनीवर त्या पानाचे व गाडीचे छायाचित्र काढून ठेवावे. प्रामाणिक मिस्त्रीला यात वावगे वाटण्याचे कारण नाही, कारण हा कागद त्याच्याही मजुरीचे रक्षण करतो.

वाहनाविषयी थोडे ज्ञान असणेही हितावह आहे. क्लच घसरतो असे वाटले की लगेच प्लेटा बदलाव्या लागतात असे नाही. पुष्कळदा केबलचा ढिलेपणा योग्य प्रमाणात ठेवल्याने दोष दूर होतो. ढिली झालेली चेन ताणून घेता येते, परंतु स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर मात्र ते बदलणे आवश्यक असते. काळा धूर बहुधा पेट्रोलचे प्रमाण अधिक असल्याचे किंवा हवेची गाळणी तुंबल्याचे लक्षण असते, तर निळसर धूर इंजिनमध्ये ऑइल जळत असल्याचे सुचवितो. निळसर धूर नाही, ऑइलची पातळी उतरत नाही, गाडीची ओढही कमी झालेली नाही आणि तरीही “बोअर गेला आहे” असे कोणी सांगितले, तर कॉम्प्रेशन मोजून दाखविण्याची विनंती करावी अथवा दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. अनेक गाड्यांच्या ड्रम ब्रेकवर झीज दाखविणारी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत आला म्हणजे लायनर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे.

सुटा भाग नवा असल्यास त्याचे सीलबंद वेष्टन आपल्यासमोर उघडण्यास सांगावे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. छापील किमतीहून अधिक रक्कम आकारणे कायद्याने निषिद्ध असून त्याविषयी वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार करता येते.

गाडी परत घेताना

पैसे देण्यापूर्वी गाडी चालवून पाहावी, जुने भाग ताब्यात घ्यावेत आणि पावती मागावी. पावतीत प्रत्येक भागाची किंमत व मजुरी स्वतंत्र दाखविलेली असावी. “पावती घेतली तर कर लागेल” या बोलण्याने पुष्कळ लोक माघार घेतात. तथापि त्या वेळी वाचविलेली रक्कम हीच पुढे न्याय मिळविण्यातील अडचण बनते. विहित रीतीने पावती न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

रकमेबद्दल वाद झाल्यास गाडी बळाने नेण्याचा प्रयत्न करू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा अधिकार आहे. मात्र विरुद्ध करार नसेल तेव्हाच हा अधिकार असतो, आणि तो त्या कामाच्या मोबदल्यापुरताच असतो. न केलेल्या कामासाठी गाडी अडवून ठेवता येत नाही. गाडीची निकड असेल तर “रक्कम मान्य नसून हरकत राखून देत आहे” असे पावतीवर लिहून पैसे द्यावेत व गाडी सोडवावी. शक्यतो रक्कम अशा मार्गाने द्यावी की तिची नोंद राहील. याच अधिनियमाच्या कलम १५१ नुसार, ताब्यात असलेल्या वाहनाची एखादा सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे मिस्त्रीवर बंधनकारक आहे.

दाद कोठे मागावी

फसवणूक झाल्याचे ध्यानात आल्यावर प्रथम शांतपणे बोलून दोष दुरुस्त करून देण्याची संधी द्यावी. दुसऱ्या मिस्त्रीकडून गाडी उघडण्यापूर्वी तिची स्थिती छायाचित्रांत टिपावी व त्याचे मत लेखी घ्यावे. अन्यथा पुरावा नाहीसा होतो. बोलण्याने निष्पन्न झाले नाही, तर ठराविक मुदत देऊन लेखी नोटीस पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावी. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राबाबत तक्रार असल्यास तिची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागासही द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे द्वार खुले आहे. तेथे वकील देणे सक्तीचे नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावयाचा असतो. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तो करता येतो. त्यामुळे बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या कर्मचाऱ्याचा मार्ग बंद होत नाही. दोष दूर करणे, रक्कम परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो.

पंचायतीचे व शाळेचे साहाय्य

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची मोठी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले. पुढे १९८६ मध्ये देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर रोजी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळण्यात येतो.

या दिवशी केवळ भाषणे न करता शाळेत विद्यार्थ्यांकडून पावतीचे वाचन करून घेता येईल. ग्रामपंचायतीने वर सांगितलेल्या कामाच्या पत्रकाचा नमुना छापून गावातील गॅरेजधारकांना दिल्यास थोड्या खर्चात मोठे काम होईल. मिस्त्री व ग्राहक यांना एकत्र बसवून नेहमीच्या कामांच्या मजुरीचे फलक लावण्याची विनंतीही करता येईल. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेपुढे वारंवार घडणारे प्रकार मांडता येतील. मात्र पुराव्याशिवाय कोणालाही चव्हाट्यावर अप्रामाणिक ठरवू नये. तसे करणे अन्यायाचे होईल आणि मानहानीच्या दाव्याचे संकटही ओढवेल.

लेखी व्यवहाराची सवय लागली की अप्रामाणिक दुकानदाराचे फावत नाही आणि प्रामाणिक कारागिराचा लौकिक वाढतो. म्हणून पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये लावताना किल्ली देण्यापूर्वी कागद व लेखणी पुढे करावी. त्या दोन मिनिटांत पुढचे पुष्कळ तंटे टळतील.