एका पिशवीत पृथ्वीप्रदक्षिणा

जगप्रवासाला किती सामान लागतं? नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर बाईनं 1889 साली याचं उत्तर दिलं. एकटीनं जगाला फेरी मारते म्हटल्यावर ‘बाई म्हणजे ढीगभर सामान’ असा आक्षेप तिच्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातूनच आला होता. ती निघाली ती अंगावरचा एक ड्रेस, एक कोट आणि जेमतेम 16 इंच रुंद, 7 इंच उंच हातपिशवी घेऊन.

त्या पिशवीत दोन टोप्या, सपाता, आतले कपडे, रुमाल, सुई-दोरा, दौत, लेखण्या आणि कागद. ड्रेस शिंप्याकडून एका दिवसात शिवून घेतलेला. कापड मात्र जाड, महिनोन्महिने टिकेल असं. मला यातली खरी हुशारी इथं दिसते. कपडे कमी न्यायचे तर असलेला कपडा दणकट हवा.

तिला छळलं ते कोल्ड क्रीमच्या बरणीनं. ती पिशवीत सगळी जागा अडवून बसे आणि नेमकी तिच्यामुळेच पिशवी बंद होईना. आजही बॅग फुगते ती बहुधा बाटल्या-बरण्यांनीच. त्यांतलं लागेल तेवढं छोट्या डबीत काढून घ्यावं.

कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान करत ती 72 दिवसांत परतली. सिंगापुरात घेतलेलं एक माकडही सोबत आलं.