गाडीच्या एसीचा गॅस संपत नाही, तो गळतो

उन्हाळा सुरू झाला की गाडीवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "एसीचा गॅस संपला, भरून घ्यायचा आहे." आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरला. तिसऱ्या खेपेनंतर महिन्याभरातच मालेगावहून सुरतेला खरेदीस जाताना साक्रीच्या पुढे एसीने पुन्हा दगा दिला. बरोबर वयस्कर आई होती, बाहेर मे महिन्याचे ऊन. काचा उघडल्या तर आगीची झळ, बंद ठेवल्या तर भट्टी. ओल्या टॉवेलने त्यांचे हातपाय पुसत, थांबत थांबत कसेबसे पोहोचलो. पुढे एका जाणत्या मिस्त्रीने कंडेन्सरच्या जोडावरचे एक रबरी कडे बदलले आणि दुखणे मिटले. त्या कड्याची किंमत चहाच्या बिलाएवढी होती. त्या तजुर्ब्यातून जे शिकलो ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

थंडावा येतो कुठून?

माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगावरून पाण्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. एसीचेही तेच तत्त्व आहे. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत निघून जाते, तर एसीचा गॅस बंद नळीत फिरत राहतो. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये द्रव गॅस उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर त्याला दाबून पुढच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे पंख्याच्या वाऱ्याने तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुन्हा कॉइलमध्ये जातो.

म्हणजे पेट्रोल जळून संपते तसा हा गॅस खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून आणि कंप्रेसरच्या सीलमधून बरीच वर्षे मिळून थोडासा झिरपतो, ते साहजिक आहे. पण दर मोसमात गॅस भरावा लागत असेल तर कुठे तरी गळती आहे, यात शंका नाही. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतणे.

आधी लक्षण ओळखा

बॉनेट उघडण्यापूर्वी एक साधी तपासणी करा. गाडी सावलीत उभी करा, इंजिन सुरू करून एसी पूर्ण थंडीवर आणि आतली हवा फिरवण्याच्या बटणावर ठेवा. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत साधा भिंतीवरचा थर्मामीटर धरा, तापाचा नव्हे. बाहेर ३५ अंश असताना जाळीतून १० ते १२ अंशांच्या आसपास हवा येत असेल तर एसी ठीक आहे. नसेल तर स्वतःला विचारा : हवा कमी येते आहे, की हवा भरपूर येते पण गार नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा.

हवाच कमी येत असेल तर

पहिला संशय एसीच्या फिल्टरवर घ्यावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. कप्पा बाजूला केला की फिल्टरची पट्टी ओढून काढता येते. आपल्या यंत्रमागाच्या गावांत हवेतला कापसाचा तंतू त्यावर गोधडीसारखा बसतो. फिल्टर झटकून तात्पुरते काम भागते, पण कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. हे काम घरच्या घरी पाच-दहा मिनिटांचे आहे.

ब्लोअर फक्त सर्वांत जास्त वेगावर चालत असेल आणि कमी वेगांवर बंद पडत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. अजिबात चालत नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

लांबच्या प्रवासात सुरुवातीला एसी छान चालतो, तासाभराने हवा मंदावते आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत होतो. याचा अर्थ कॉइलवर बर्फ धरतो आहे. एसी बंद करून दहा मिनिटे नुसता ब्लोअर चालवा, बर्फ वितळेल. सबब बहुधा तुंबलेला फिल्टर असतो. फिल्टर स्वच्छ असूनही असे होत असेल तर थंडी मोजणारा सेन्सर किंवा कमी झालेला गॅस, यांपैकी काही तरी असू शकते.

गाडीखाली एसीचे पाणी ठिबकते ते चांगले लक्षण आहे. ते पाणी बाहेर न पडता आत सीटपुढची चटई भिजवत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती गाडीखालून साफ करता येते. कुबट वास येत असेल तर मुक्कामी पोहोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवण्याची सवय लावा, म्हणजे कॉइल सुकते.

हवा भरपूर, पण गार नाही

आता बॉनेट उघडा. हात, सदऱ्याची बाही, ओढणी पंख्यापासून दूर ठेवा, कारण हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

१) कंडेन्सर : रेडिएटरच्या पुढे असलेली ही बारीक पत्र्यांची जाळी. ती तुंबली तर उष्णता बाहेर पडणार कुठून? तंतू आणि धूळ आधी कोरडीच, मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने काढावी, कारण ओला तंतू चिकटून बसतो. मग इंजिन गार असताना हलक्या धारेने पाणी मारावे. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार पंपाने पत्रे वाकतात.

२) कंडेन्सरचा पंखा : एसी लावला की तो चालला पाहिजे. काही गाड्यांत तो मधून मधून थांबतो. गाडी पळताना थंड आणि सिग्नलवर उभी राहिली की गरम, असे होत असेल तर पहिला संशय पंखा किंवा तुंबलेल्या कंडेन्सरवर घ्यावा. तेच कारण असेल तर गॅस भरून हे दुखणे जात नाही.

३) कंप्रेसरचा क्लच : एसी लावताच 'टक्' आवाज होतो आणि कंप्रेसरच्या पुढची तबकडी फिरू लागते. ती फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहा. फ्यूजच्या झाकणावर नकाशा असतो. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवा, तार कधीही बांधू नका. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहता येते. नवा फ्यूज लगेच उडाला तर शॉर्ट आहे, वायरमनकडे जावे. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही कसोटी लागू होत नाही.

एक इशारा : गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दाम क्लच लागू देत नाही. काही जण तार थेट जोडून क्लच चालवतात. कंप्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही तर तेल नाही, आणि तेल नाही तर कंप्रेसर जाम. शंभराच्या कामाचे हजारो होतात.

गळती कशी शोधावी?

तेल गॅसबरोबर फिरते, हीच गोष्ट आपल्या कामी येते. गॅस जिथून निघतो तिथे तेलाचा ओशटपणा राहतो आणि त्यावर धूळ बसते. इंजिन बंद आणि गार असताना बॅटरी लावून प्रत्येक जोड, कंप्रेसरचा पुढचा भाग आणि खडी लागलेला कंडेन्सर नीट पाहा. तेलकट डाग दिसला तिथे साबणाचा दाट फेस लावा. गाडी बंद असली तरी नळीत दाब असतोच. बाहेर ३० अंश असताना तो सुमारे ९५ पौंड, म्हणजे टायरच्या तिप्पट असतो. त्यामुळे थोडी मोठी गळती असेल तर बुडबुडे दिसतात. गॅस भरण्याच्या दोन तोंडांत मोटारीच्या टायरसारखी व्हॉल्व्हची पिन असते, तीही झिजते. त्यावरची टोपणे हरवू देऊ नका, तीही गॅस अडवतात.

बुडबुडे दिसले नाहीत म्हणून गळती नाही असे मात्र समजू नये. बारीक गळती आणि डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलची गळती फेसाने कळत नाही. तिथे गॅरेजचे इलेक्ट्रॉनिक यंत्र, निळ्या बत्तीखाली चमकणारा रंग किंवा नायट्रोजनचा दाब लागतो.

घरचे काम इथे संपते

नळीचा जोड घरी कधीही खोलू नये. आजही बहुसंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा फवारा हातावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरला, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो बंद होत गेला. आर-१३४ए ओझोनला धोका देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १,४३० पट हवा तापवतो. २०१६च्या किगाली ठरावाने त्याचाही वापर कमी करण्याचे ठरले. म्हणून तो हवेत सोडणे हा स्वतःच्या खिशाचा आणि सर्वांच्या हवेचा तोटा आहे. स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणारे भेटले तर हात जोडून निघावे, ती गाडीत बसवलेली आग आहे. बॅटरीवर आणि हायब्रिड चालणाऱ्या गाड्यांच्या नारिंगी तारांना तर हातही लावू नये.

गॅस तोलून घ्या

कापड आपण गजावर किंवा मीटरवर मोजून घेतो. गॅस मात्र लोक अंदाजाने भरून घेतात. बंद गाडीला गेज लावून "दाब बरोबर आहे, गॅस पूर्ण आहे" असे कोणी म्हणाले तर मानू नका. नळीत थोडासा द्रव गॅस उरला असला तरी बंद गाडीचा दाब फक्त उष्णतेवर ठरतो, प्रमाणावर नाही. घरच्या सिलिंडरचेही तसेच, तो किती उरला ते वजनानेच कळते. बॉनेटखाली चिकटवलेल्या कागदावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेले असते. लहान मोटारीत ते साधारण चार-पाचशे ग्रॅम असते. जास्त भरला तरीही थंडावा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

म्हणून गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारावेत. गळती कुठे सापडली? जोड खोलला असेल तर रबरी कडे नवे टाकले का, आणि नळी बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलला का? व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून, तो बंद केल्यावर काटा जागेवर राहिला का? गॅस काट्यावर तोलून किती ग्रॅम भरला? या चारही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. जो उस्ताद प्रामाणिक आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट जाणकार गिऱ्हाईक मिळाल्याचे समाधान वाटते.

दुकानात तूट आली तर आपण आधी वही तपासतो, लगेच नवे भांडवल ओतत नाही. एसीचाही हिशोब तोच आहे. आधी फिल्टर, मग कंडेन्सर, पंखा, फ्यूज, मग गळती आणि सर्वांत शेवटी गॅस. हा क्रम उन्हाळा लागण्यापूर्वीच एका सुट्टीच्या दिवशी पार पाडावा, म्हणजे भर उन्हात, घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन, रस्त्यात उभे राहण्याची पाळी येणार नाही.