पोर्ट्समथ: कर्जाच्या गाळातून वर आलेला क्लब

मे 2008 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ या क्लबने कार्डिफ सिटीला 1-0 असे हरवून एफए कप जिंकला. दोन वर्षांच्या आत, 26 फेब्रुवारी 2010 रोजी, तोच क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये खेळत असताना ही वेळ आलेला तो पहिलाच क्लब.

क्लबचे फ्रॅटन पार्क हे मैदान जेमतेम 20 हजार प्रेक्षकांचे. तिकिटांच्या उत्पन्नातून नामांकित खेळाडूंचे पगार निघणे शक्य नव्हते. तो खर्च मालकाच्या पैशावर आणि कर्जावर चालला होता. मालकाने हात आखडता घेताच सारे कोसळले. 2009-10 च्या हंगामात क्लबने चार मालक पाहिले, पगार वारंवार रखडले आणि करवसुली खात्याने क्लब गुंडाळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला.

प्रशासक नेमला की धनकोंना परस्पर वसुली करता येत नाही आणि क्लबला श्वास घ्यायला अवधी मिळतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. लीगने पोर्ट्समथचे 9 गुण कापले, 85 कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला. मे 2010 मध्ये संघाने पुन्हा एफए कपची अंतिम फेरी गाठली आणि चेल्सीकडून 0-1 अशी हार पत्करली. युरोपा लीगमध्ये खेळण्याचा परवानाही क्लबला मिळाला नाही.

देणी फेडताना सर्वांना एकच न्याय लागला नाही. फुटबॉलच्या नियमानुसार खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकती करावी लागतात. बाकीच्या विनातारण धनकोंशी पौंडामागे 20 पेन्स देण्याची तडजोड झाली. या धनकोंमध्ये करखात्याबरोबर सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. तिचे सुमारे 2,700 पौंड थकले होते. करखात्याने फुटबॉलच्या या नियमाला न्यायालयात आव्हान दिले, पण 2012 मध्ये ते फेटाळले गेले.

नव्या मालकाची कंपनीही बुडाल्याने फेब्रुवारी 2012 मध्ये पोर्ट्समथवर दुसऱ्यांदा प्रशासक आला. पुन्हा गुण कापले गेले आणि 2013 पर्यंत संघ चौथ्या श्रेणीत पोहोचला. तेव्हा क्लब वाचवला तो चाहत्यांनी. प्रत्येकी 1,000 पौंडांचे भाग घेऊन त्यांच्या ट्रस्टने एप्रिल 2013 मध्ये क्लब ताब्यात घेतला आणि सप्टेंबर 2014 पर्यंत जुनी देणी फेडली. 2017 मध्ये संघ चौथ्या श्रेणीचा विजेता ठरला. त्याच वर्षी भागधारकांनी मतदान करून क्लब अमेरिकी उद्योजक मायकेल आयस्नर यांच्या कुटुंबाच्या कंपनीला विकला. 2024 मध्ये संघ तिसरी श्रेणी जिंकून दुसऱ्या श्रेणीत परतला.

मिळकतीपेक्षा मोठा डाव मांडला तो मालकांनी. त्याची भरपाई मात्र कर्मचाऱ्यांनी, छोट्या धनकोंनी आणि चाहत्यांनी केली. पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबचे पाय अंथरुणाबाहेर जात आहेत की नाहीत, हे हंगाम चालू असतानाच तपासले गेले पाहिजे.