बकरीनं नाकारलेलं झाड

‘बकरी सीताफळाले तोंड काऊन लावत नाही?’ परतवाड्याच्या एका वाचकानं विचारलंय. प्रश्न त्यांच्या अंगणातला असला, तरी उत्तर गावाबाहेरच्या टेकड्यांपर्यंत जातं.

आधी रसायन. सीताफळाच्या पानांत, सालीत आणि विशेषतः बियांत अ‍ॅसिटोजेनिन गटातली द्रव्यं असतात. पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रियामधली साखळी ती पहिल्याच कडीला अडवतात. किडे मरतात ते त्यानंच. जोडीला कडवट अल्कलॉइडं आणि पान चुरगळलं की येणारा तो उग्र वास. बकरी हुंगते, फार तर एखादं पान चावून बघते आणि शेजारच्या बोरीकडे वळते. (उवांवर सीताफळाच्या बियांची पूड चोळायचा घरगुती उपाय याच विषावर चालतो. तो करू नका. पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी छापल्या आहेत.)

त्यामुळे वर्षानुवर्षं चराई झालेल्या टेकडीवर बाकी सगळं खुरटतं, सीताफळ तेवढं टिकतं. मूळचं ते अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं असं मानतात. भरहुतच्या प्राचीन स्तूपावर सीताफळ कोरलेलं आहे, असं अलेक्झांडर कनिंगहॅमनं १८७९ मध्ये लिहून ठेवलं आणि विद्वानांना भांडायला विषय दिला.

अशा उजाड टेकड्यांचं पुढे काय होऊ शकतं, ते परतवाड्याजवळच दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याला पायविहीर नावाचं गाव आहे, अचलपूर तालुक्यातलं. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामसभेला २०० हेक्टरला थोड्या कमी जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मेळघाटात काम करणारी ‘खोज’ संस्था सोबतीला होती. जंगल नावालाच उरलेलं. गावानं तोडीला आणि चराईला आळा घातला, राखण सुरू केली, रोजगार हमीतून माती-पाणी अडवायची कामं घेतली, रोपंही लावली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या भारतातल्या जैवविविधता पुरस्कारांत पायविहीरचं नाव आलं.

अशा यशाचं श्रेय बातम्यांत लावलेल्या रोपांना जातं, कारण रोपांचा आकडा छापायला बरा. २०१९ मध्ये राज्याचं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं, आठवत असेल. पण आपल्या कोरड्या पानझडी रानाचं भांडवल जमिनीखाली असतं. साग तोडला तरी खुंटातून फुटवा येतो. पळस, टेंभुर्णी मुळांतून धुमारे काढतात. धुमारा वीतभर झाला की बकरी खुडते, पुढच्या पावसात तो पुन्हा येतो. वर गुडघ्याएवढं झुडूप दिसतं. खाली उकरलं तर मनगटाएवढं जाड मूळ, त्या झुडपाच्या कितीतरी आधीचं. काही पावसाळे कुणाचं तोंड लागलं नाही, की वर्षानुवर्षं साठलेली ही ठेव ते मूळ भराभर वर काढतं. गेल्या जुलैत खड्ड्यात ठेवलेल्या रोपाकडे अशी शिल्लक कुठून असणार?

जुन्या मुळांना असा वाव देऊन मोठ्या क्षेत्रावर रान ज्यानं उभं करून दाखवलं, त्याचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? अजितकुमार बॅनर्जी, पश्चिम बंगालचे वनाधिकारी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मिदनापूर भागातल्या अराबारीत ते साल वृक्षावर प्रयोग करत आणि गुरं नि सरपण नेणारे लोक ते प्रयोग मोडून टाकत. बॅनर्जींनी ११ गावांतल्या ६१८ कुटुंबांशी सौदा केला: राखण तुम्ही करायची, उत्पन्नात चौथाई तुमची. १२७२ हेक्टरांवर रान पुन्हा उभं राहिलं, बरंचसं जुन्या खुंटांतून. सामाईक मालमत्तेची वाट लागणारच, असं गॅरेट हार्डिननं १९६८ मध्ये बजावलं होतं. ते तसं अटळ नाही हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या चर्चेत अराबारीच्या सालतज्ज्ञाला तळटीपसुद्धा क्वचितच मिळते. अराबारीत वाटा वनखात्यानं दिला होता. देणारा तो उद्या काढूनही घेऊ शकतो. पायविहीरचा हक्क कायद्यातून आला आहे, आणि माझ्या मते रोपांच्या संख्येपेक्षा हा फरक मोठा आहे.

मात्र साग उभा राहीपर्यंत गावानं काय खायचं? इथं सीताफळ कामी आलं. पायविहीरची सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं मुंबईपर्यंत गेली. खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे डोळा उघडला, की फळ उतरवायचं. त्याआधी तोडलं तर ते नीट पिकत नाही, काळं पडून कडक राहतं. वेळेवर तोडलं तर दोन-चार दिवसांत मऊ होतं आणि मग हात लावला तरी फुटतं. फार थंडीत ठेवलं तर साल काळवंडते, म्हणजे सफरचंदासारखी महिनोन्महिने साठवण नाहीच. मुंबईचा प्रवास, पेट्या उतरवणं, गिऱ्हाईक मिळणं, सगळं त्याच दोन-चार दिवसांत बसवायचं असतं.