हात न लावता ताप कसा कळतो?

सन २०२० च्या कोरोना साथीत बँकेच्या दारात प्रत्येकाच्या कपाळासमोर पिस्तुलासारखे यंत्र धरले जाई. त्यातून किरण निघून मेंदूत शिरतात, अशी भीती तेव्हा पसरली होती. आम्हा कारकुनांनाही ग्राहक तसे विचारीत. म्हणून देवगाव रंगारी परिसरातील वाचकांसाठी आम्ही हा खुलासा करीत आहोत.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकीत असते. भट्टीतले लोखंड आधी लाल, मग पिवळे दिसते. त्या रंगावरूनच ते किती तापले हे लोहार ओळखतो. आपले शरीरही किरण टाकते, पण ते अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. अशा अदृश्य किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लावला. यंत्र कपाळाकडून येणारे हेच किरण गोळा करते व त्यांच्या प्रमाणावरून तापमान काढते. ताप मोजण्यासाठी ते शरीरात कोणतेही किरण सोडीत नाही.

मात्र त्याला कळते ते कातडीचे तापमान. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते, घामेजलेल्याचे थंड. निराधार योजनेचे पैसे काढण्यास भर उन्हात पायी आलेल्या वृद्धाला केवळ आकडा पाहून परत पाठविणे हा अन्याय होईल. त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, थोड्या वेळाने पुन्हा मोजावे व साध्या थर्मामीटरने खात्री करावी. तसेच आकडा कमी आला म्हणजे आजार नाहीच, असेही समजू नये.

यंत्राला भिऊ नये आणि त्याच्या एका आकड्यावर माणसाची पारखही करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.